लहान पतंगांची ओळख फोटोवरून अडते तेव्हा काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

पावसाळा लागला की माझ्याकडे पतंगांच्या फोटोंची रांग लागते. ट्यूबलाइटखालचे, जिन्यातले, भाताच्या बांधावरचे. मोठ्या पतंगांची नावं बहुधा लगेच सांगता येतात. नखाएवढे किंवा त्याहून लहान पतंग आले की गाडी अडते, आणि दर वर्षी त्याच त्या कारणांनी अडते. ती कारणं मी इथे सोडवण्याच्या क्रमाने मांडते आहे. जे घरबसल्या, फुकट आणि एका मिनिटात होतं ते आधी. ज्याला सूक्ष्मदर्शक आणि जाणकार लागतो ते शेवटी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. जगात आजवर वर्णन झालेल्या पतंगांच्या जाती १,६०,००० च्या वर आहेत, भारतातल्याच १०,००० च्या वर, आणि त्यांत लहान पतंगांचा भरणा मोठा आहे. ओळख अडली की लोकांना आपला अभ्यास तोकडा वाटतो. खरं तर बहुतेक वेळा फोटोतच माहिती तोकडी असते. पुष्कळदा ती भरून काढता येते. येत नसेल तेव्हा कुळावर किंवा जीनसवर (कुळाच्या खालचा, जातीच्या वरचा गट) थांबणं हेच बरोबर उत्तर असतं, आणि ते पूर्ण उत्तर असतं.

लक्षणं

- एकच फोटो तिघांनी पाहिला आणि तीन नावं आली.
- फोटो थोडा कापून परत टाकला की ओळख सुचवणारं ॲप वेगळंच नाव सुचवतं.
- सुचवलेली जात युरोपातली किंवा अमेरिकेतली निघते.
- नक्षी पुस्तकाशी जुळते, पण आकार किंवा बसण्याची ढब जुळत नाही.
- फोटो मोठा केला की पंखावर खवल्यांऐवजी चिखलासारखे डाग दिसतात.
- नोंद महिनोन्महिने ‘पतंग’ एवढ्यावरच पडून राहते.

मूळ फाइल हातात आहे का?

इथून सुरुवात करा, कारण याला काहीच लागत नाही. व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान केलं जातं आणि त्यातली तारीख-वेळ-ठिकाणाची नोंद गळून पडते. मोठ्या पतंगाला त्याने फरक पडत नाही. सहा मिलिमीटरच्या पतंगाच्या पंखावरची आडवी रेघ मात्र मूळ फोटोतच दहा-बारा ठिपक्यांत मावलेली असते. दाबलेल्या फोटोत ती उरतच नाही, आणि मग समोरचा माणूस अंदाजाने नाव सांगतो. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. माझ्याकडे आलेल्या कितीतरी ‘अशक्य’ फोटोंची मूळ फाइल मागवली आणि पाच मिनिटांत कूळ मिळालं.

दुसऱ्याने पाठवलेला फोटो ओळखायला बसला असाल तर नक्षीकडे बघण्याआधी मूळ फाइल मागा. स्क्रीनशॉटवरून जातीचं नाव देऊ नका.

तो पतंगच आहे ना?

हे विचारायला संकोच वाटतो, पण दिव्यावर येणाऱ्या बारक्या किड्यांत पतंगासारखे दिसणारे बरेच असतात. बाथरूमच्या भिंतीवर बसणारी, बदामाच्या आकाराची, केसाळ राखाडी माशी तर जवळजवळ प्रत्येक घरात असते. तिची अळी सांडपाण्याच्या जाळीखालच्या चिकट थरात वाढते. तिला पंखांची एकच जोडी असते, पतंगाला दोन असतात.

ओढ्याजवळ दिवा लावला असेल तर कॅडिसफ्लाय येतात. त्यांचे पंख छपरासारखे उतरते, वर खवल्यांऐवजी बारीक केस, स्पर्शिका लांब आणि दोऱ्यासारख्या, आणि गुंडाळलेली सोंड नाही. पांढरे किंवा हिरवट, पावडर लावल्यासारखे तुडतुड्यांचे भाऊबंदही त्रिकोणी बसतात. ते हात लावताच टुणकन उडी मारतात आणि त्यांच्या स्पर्शिका डोळ्यांखाली इतक्या बारीक असतात की फोटोत दिसत नाहीत. यांपैकी काही निघालं तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

फोकस, उजेड, रंग

इतक्या जवळून काढलेल्या फोटोत स्पष्ट दिसणारा थर मिलिमीटरच्या अंशाएवढा असतो. पंख पसरून सपाट बसलेला पतंग असेल तर कॅमेरा त्याला समांतर धरा, म्हणजे दोन्ही पंख एका थरात येतात. छपरासारखे पंख धरणारा असेल तर वरून काढलेल्या फोटोत फक्त पाठीची रेघ स्पष्ट येते आणि नक्षी धूसर जाते. तिथे बाजूने काढा. एक पंख नीट आला तरी पुरतो.

फोनमधला डिजिटल झूम वापरू नका. तो चित्र नुसतं ताणतो आणि नंतर फोन स्वतःहून त्यावर धार चढवतो. त्या प्रक्रियेत नसलेल्या रेघा दिसायला लागतात. क्लिप लावायची भिंग-लेन्स स्वस्तात मिळते आणि लहान पतंगांसाठी तिच्याइतका उपयोग महागड्या फोनचाही होत नाही.

पतंग यावेत म्हणून दिव्याजवळ लावलेल्या पांढऱ्या पडद्यावरचा पतंग फोटोत काळवंडतो, कारण कॅमेरा पडद्याचा उजेड मोजतो. स्क्रीनवर पतंगाच्या अंगावर बोट टेकवा आणि उजेड वर सरकवा. फ्लॅश थेट मारला की चमकदार खवले पांढरे पडतात. त्यासमोर टिश्यूचा एक थर धरला तरी पुष्कळ काम होतं.

रंगाची फसवणूक सगळ्यांत वाईट. यूव्ही (अतिनील) दिव्याखाली राखाडी पतंग जांभळट दिसतो, पिवळ्या बल्बखाली पांढरा पतंग फिकट पिवळा दिसतो. मग ‘पिवळा पतंग’ म्हणून शोध सुरू होतो आणि आख्खी संध्याकाळ चुकीच्या पानांवर जाते. याचा उपाय सोपा आहे. पतंग छोट्या पारदर्शक डबीत घ्या, डबी फ्रिजमध्ये पाच-दहा मिनिटं ठेवा (फ्रीझरमध्ये अजिबात नको), मग बाहेर काढून पांढऱ्या कागदावर, खिडकीच्या सावलीतल्या उजेडात फोटो घ्या. थंडावलेला पतंग मिनिटभर तरी हलत नाही. काम झालं की झाडीत, पानाखाली सोडा. दिव्याजवळ सोडलात तर पाल आहे, आणि सकाळी अंगणात सोडलात तर बुलबुल.

माप

फोटोत अडीच सेंटिमीटरचा पतंग आणि सात मिलिमीटरचा पतंग सारखेच दिसतात. माप नसलं की चार-पाच कुळं उगाच शर्यतीत राहतात. शाळेच्या ग्राफ पेपरचा तुकडा पडद्याला टाचून ठेवा आणि एक फोटो त्याच्यासह काढा. पडद्याच्या कापडावर पेन्सिलीने सेंटिमीटरची चौकट आखून ठेवली तर वेगळं काही करावंच लागत नाही.

इथे एक खोच आहे. जुन्या ग्रंथांत आणि कीटकशास्त्राच्या पुस्तकांत ‘पंखविस्तार’ दिलेला असतो, तोही टाचणीवर पंख ताणून बसवलेल्या नमुन्याचा. तुमच्यासमोरचा जिवंत पतंग पंख मिटून बसलेला असतो. त्यामुळे पुढच्या पंखाची लांबी मोजा, मुळापासून टोकापर्यंत. ती दुप्पट करून त्यात छातीची रुंदी मिळवली की पंखविस्ताराच्या जवळ पोचता. पुढचा पंख १० मिलिमीटर असेल तर विस्तार साधारण २१-२२. लोक बसलेल्या पतंगाची रुंदी पंखविस्तार म्हणून लिहितात आणि मग पुस्तकातली बरोबर जात ‘फार मोठी आहे’ म्हणून बाद करतात. ‘नक्षी जुळते, आकार जुळत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

बसण्याची ढब आणि डोकं

आता खरा भाग. बहुतेकांची नजर थेट पंखांच्या नक्षीवर जाते. माझी पद्धत उलटी आहे: आधी ढब, मग डोकं, नक्षी सगळ्यांत शेवटी. नक्षी झिजते, बदलते, दोन लांबच्या कुळांत सारखी येते. ढब आणि डोकं कूळ सांगतात, आणि कूळ कळलं की शोधायची पानं हजारांवरून शेकड्यांवर येतात.

इंग्रजी टी अक्षरासारखा, पंख काडीसारखे आडवे धरून बसलेला दिसला की पिसपतंग, टेरोफोरिडी. पंख पंख्यासारखे उघडलेले आणि प्रत्येक पंख सहा पिसांत चिरलेला असेल तर ॲल्युसिटिडी. घंटेच्या आकाराचा, खांद्यांशी रुंद, तो टॉर्ट्रिसिडी. पुढचे आणि मधले पाय ताठ रोवून छाती उंच उचललेला, बारीक, लांबट असेल तर ग्रॅसिलॅरिडी. त्रिकोणी, सपाट, लांब पायांचा, पंख थोडे झिरझिरीत असा असेल तर क्रॅम्बिडी. पावसाळ्यात दिव्यावर येणाऱ्या लहान पतंगांत आपल्याकडे हेच कूळ सर्वाधिक भेटतं. याच कुळातले गवत-पतंग मात्र पंख अंगाभोवती गुंडाळून काडीसारखे बसतात, तेव्हा नुसत्या त्रिकोणावर विसंबू नका. दिवसा पानावर झटक्याझटक्याने नाचल्यासारखं चालणारा, पंख वर उचलून उडी मारणाऱ्या कोळ्यासारखा दिसणारा बारका पतंग कोरियुटिडीतला असतो.

मग डोकं. तोंडासमोर दोन बारीक दांडे दिसतात, त्यांना पाल्प म्हणतात. फोटोत ते नसतील तर अर्धी ओळख गेली असं समजा. ते दिसतात बाजूने काढलेल्या फोटोत. म्हणून मी सगळ्यांना सांगते, वरून एक फोटो, बाजूने एक, आणि जमला तर समोरून एक.

बाजूचा फोटो पूर्ण मोठा करा आणि डोळ्याच्या खालून निघणारी रेघ शोधा. ती कोयत्यासारखी वर वळून डोक्याच्याही वर गेली असेल आणि टोक सुईसारखं असेल तर जेलेकिडी किंवा त्याच्या शेजारची कुळं. गुलाबी बोंडअळीचा पतंग यांतलाच. पाल्प चोचीसारखे सरळ पुढे आलेले असतील तर पायरॅलिडी-क्रॅम्बिडी. गवत-पतंगांत ही चोच डोक्याच्या कितीतरी पुढे जाते. डोक्यावर विंचरायचे राहिलेल्या केसांसारखा झुबका असेल तर टिनिइडीकडे वळा. स्पर्शिका पुढच्या पंखापेक्षाही लांब असतील तर लेसिथोसेरिडी तपासा. स्पर्शिकेच्या मुळाशी डोळ्यावर टोपी घातल्यासारखा पसरट खवला असेल आणि पतंग तीन-चार मिलिमीटरचाच असेल, तर तो पानाच्या आत बोगदे करणाऱ्या अगदी बारक्या पतंगांपैकी आहे. त्याच्या जातीसाठी फोटो पुरणार नाही, हे तिथेच ठरवून टाका.

पतंग खिडकीच्या काचेवर बसला असेल तर नशीब समजा. काचेपलीकडून पोट, पाय आणि पाल्प खालच्या बाजूने दिसतात. मागचा पंख मिटलेल्या अवस्थेत झाकलेला असतो, आणि पुष्कळ जातींचा निकाल मागच्या पंखावर लागतो. उडायच्या आधी पतंग पंख थरथरवतो, तेव्हा एकामागून एक फोटो घेत राहा. एखाद्यात मागचा पंख सापडतो.

ठिकाण, तारीख आणि झाड

ही माहिती फोटोत दिसत नाही, म्हणून लोक ती देत नाहीत. पण काही वेळा सगळा निकाल तिच्यावरच असतो.

कोनोगेथेस या जीनसचं उदाहरण घ्या. पिवळाधमक पतंग, अंगावर आणि पंखांवर काळे टिपके. एरंडाच्या बोंडात शिरणाऱ्या अळीचा पतंग म्हणून कोनोगेथेस पंक्टिफेरॅलिस हे नाव सगळ्यांना पाठ आहे, आणि वर्षानुवर्षं वेलदोडा, आलं यांवरच्या अळीलाही तेच नाव दिलं जायचं. २०१८ मध्ये आलं-वेलदोड्याच्या कुळातल्या झाडांवर प्रामुख्याने जगणाऱ्या पतंगाचं वेगळी जात म्हणून वर्णन झालं, कोनोगेथेस सह्याद्रिएन्सिस. फोटोत दोघं इतके सारखे दिसतात की दिव्यावर आलेल्या एकट्या पतंगावरून मी नाव देत नाही. पण ‘वेलदोड्याच्या खोडातून काढलेल्या अळीचा हा पतंग’ एवढं एक वाक्य सोबत आलं की चित्र बदलतं.

टोमॅटोचंही तसंच. टोमॅटोवरचा पिनवर्म, टूटा अब्सोल्यूटा, २०१४ मध्ये महाराष्ट्रात आढळला. त्याचा पतंग आणि बटाट्यावरच्या पतंगाची जात, दोन्ही राखाडी-तपकिरी, दोन्ही जेलेकिडी, दोन्हींना वांगी-टोमॅटो-बटाट्याचं कूळ चालतं. पतंगाचा फोटो इथे फार बोलत नाही. पानावरचं नुकसान जास्त बोलतं: पिनवर्मची अळी पानाचा मधला गर खाऊन रुंद, पारदर्शक चट्टा करते, तर नागअळीची माशी पानावर वेडीवाकडी बारीक रेघ काढते. म्हणून शेतातून फोटो पाठवताना पान, शेंडा आणि फळ यांचे फोटो पतंगाच्या आधी पाठवा.

घरातल्या पतंगांना विचारायचा प्रश्न एकच, कुठल्या डब्याजवळ दिसला? पंखाचा मुळाकडचा भाग फिकट आणि पुढचा तांबूस-तपकिरी असेल तर तो प्लोडिया, पिठाचा आणि सुक्या मेव्याचा शौकीन. गवताच्या रंगाचा, अरुंद पंखांचा, कडेला लांब झालर असलेला सायटोट्रोगा. हा आख्ख्या दाण्याच्या आत वाढतो आणि दाण्याला गोल भोक पाडून बाहेर येतो. तांदळात, रव्यात जाळी करणारा राखाडी पतंग बहुधा कोर्सायरा. डबा कळला की फोटो थोडा वाईट असला तरी चालतो.

तारीख का हवी? कारण बऱ्याच जाती पावसाळ्याच्या ठरावीक आठवड्यांत उडतात. जून अखेरीस कोयनेच्या काठावर दिसलेला आणि फेब्रुवारीत सोलापूरच्या माळावर दिसलेला, यांना एकाच यादीत शोधायचं नसतं. ठिकाण लिहिताना गाव आणि अधिवास दोन्ही लिहा: भातशेती, देवराई, करवंदीची जाळी, शहरातली गच्ची.

ॲपच्या सूचनेचं काय करायचं

आयनॅचरलिस्टसारखी ॲपं चित्र पाहून नाव सुचवतात ती त्यांना शिकवलेल्या फोटोंच्या आधारे. युरोप-अमेरिकेतल्या लहान पतंगांचे फोटो ढिगाने आहेत, आपल्याकडच्या कित्येक जातींचे मोजकेच आहेत, काहींचे एकही नाहीत. ज्या जातीचा फोटोच कधी दाखवला गेला नाही ती जात ॲप सुचवणार कशी? ते जवळचं काहीतरी पुढे करतं. म्हणून तिकडचं नाव आलं की ॲप बिघडलं असं नाही. तुमचा पतंग त्याच्या ओळखीच्या यादीत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ही सूचना मी अशी वापरते: जातीचं नाव सोडून देते आणि सुचवलेल्या पहिल्या पाच-सहा नावांचं कूळ बघते. चार नावं क्रॅम्बिडीतली असतील तर क्रॅम्बिडी तपासायला घेते. सगळी नावं वेगवेगळ्या कुळांतली असतील तर फोटोत दम नाही, परत वरच्या पायऱ्यांवर जायचं. त्यानंतर त्या जातीचा नकाशा उघडून बघा. भारतात एकही नोंद नसेल तर ते नाव स्वीकारायला फार भक्कम पुरावा लागतो.

आणि एक कळकळीची विनंती. दुसऱ्याने नाव लिहिलं म्हणून ‘सहमत’ दाबू नका. दोघांच्या संमतीने नोंद पक्की होते, पक्की नोंद ॲपला शिकवायला जाते, आणि तीच चूक उद्या तिसऱ्याला सुचवली जाते. लहान पतंगांत अशा साखळ्या मी पाहिल्या आहेत आणि त्या तोडायला फार कष्ट पडतात.

सारख्या दिसणाऱ्या जोड्या

इथवर आलात तर कूळ, कदाचित जीनसही हातात आहे. आता नक्षी. मॉथ्स ऑफ इंडिया या संकेतस्थळावर भारतातले, तपासलेले फोटो मिळतात, तुलना तिथे करा. सर जॉर्ज हॅम्पसन यांच्या भारतातल्या पतंगांवरच्या, १८९२ ते १८९६ मधल्या चार खंडांकडे गेलात तर लक्षात ठेवा की त्या काळी आजचं क्रॅम्बिडी कूळ पायरॅलिडीतच धरलं जायचं. चौथ्या खंडात शोधा.

वारंवार फसवणारी एक जोडी जवळून दाखवते. माठ, पालक, राजगिऱ्यावर वाढणारा स्पोलाडिया रिकर्वॅलिस हा गडद तपकिरी असतो आणि पंखांवर पांढरा पट्टा असतो. हायमेनिया पर्स्पेक्टॅलिसही तपकिरी, पांढऱ्या खुणांचाच, आणि त्यालाही तीच झाडं चालतात. पट्ट्याची रुंदी बघा. स्पोलाडियाचा मधला पट्टा रुंद, ठसठशीत, आणि पंख पसरून बसला की पुढच्या पंखावरून मागच्या पंखावर सलग उतरल्यासारखा दिसतो. हायमेनियात तो अरुंद, बारीक, काही ठिकाणी तुटक. उजेड जास्त झालेल्या फोटोत पांढरा रंग पसरतो आणि हायमेनियाचा पट्टाही रुंद दिसू लागतो. उजेडाची पायरी आधी का ठेवली, ते इथे कळतं.

भातावरच्या पानं गुंडाळणाऱ्या अळीचा पतंग, नॅफालोक्रोसिस मेडिनॅलिस, पुढच्या पंखावर दोन पूर्ण आडव्या रेघा आणि त्यांच्यामध्ये वरच्या कडेकडून आलेली एक तोकडी रेघ दाखवतो. ती तोकडी रेघ तपासल्याशिवाय नाव देऊ नका, याचे भाऊबंद भातावर आणि गवतावर असतातच.

उलट, काही जाती इतक्या ठळक आहेत की त्यांवर वेळ घालवू नये. कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग मिटलेल्या पाठीवर फिकट चौकटींची ओळ दाखवतो आणि स्पर्शिका पुढे ताणून बसतो. काकडीवर्गीय वेलींवरचा डायफेनिया इंडिका, पांढरे झिरझिरीत पंख, रुंद गडद किनार आणि शेपटाशी केसांचा झुबका. हे फोटोवरून बिनधास्त सांगा.

अळी वाढवून बघणं

वेळ आणि चिकाटी असेल तर हा उपाय उत्तम. पानावर अळी सापडली तर तिच्या झाडाची फांदी जाळीच्या झाकणाच्या बरणीत ठेवा, तळाशी कागद, रोज ताजं पान, विष्ठा साफ. ओल फार झाली तर बुरशी धरते. कोष झाला की हलवू नका. बाहेर आलेला पतंग ताजा असतो, एकही खवला झडलेला नसतो, झाड माहीत असतं आणि अळीचाही फोटो असतो. अडलेल्या कित्येक ओळखी अशा सुटतात. बरणीतून पतंगाऐवजी बारीक गांधीलमाशी बाहेर आली तर तिचाही फोटो घ्या, ती अळीवरची परजीवी असते आणि तिची नोंद तितकीच मोलाची आहे.

इथे थांबा

पुढच्या परिस्थितीत फोटोवर आणखी वेळ घालवू नका.

पतंग झिजलेला असेल, झालर गेलेली, पंख अर्धे पारदर्शक झालेले, तर कुळावर थांबा. कामगंध सापळ्यातल्या चिकट कागदावरच्या पतंगांचे खवले गोंदाला लागतात, त्यांनाही हेच लागू. ल्युअर (सापळ्यातलं गंधाचं आमिष) गुलाबी बोंडअळीचं आहे म्हणून चिकटलेला प्रत्येक पतंग गुलाबी बोंडअळीचाच, असं धरून मोजणी करू नका.

साधे, पूर्ण पांढरे स्किर्पोफागा असतील तर जीनसवर थांबा. उसाचा शेंडा पोखरणाऱ्या अळीचा पतंग त्यांतलाच, पण पांढऱ्यावर पांढरं काय वाचणार? भाताच्या पिवळ्या खोडकिड्याची मादी मात्र ओळखता येते, पिवळ्या पंखावर एकेक काळा ठिपका असतो. कोलिओफोरा या जीनसचे पतंग आणि बहुतेक राखाडी जेलेकिडी यांची जात जननेंद्रियांच्या रचनेवरूनच ठरते. त्यासाठी पोटाचा भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मऊ करून, सोलून, काचपट्टीवर मांडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. हे घरी शिकायचं काम नाही. डीएनए बारकोडिंगमध्ये एका जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात, पण तुलनेच्या संग्रहात ती जात आधीपासून असेल तरच नाव मिळतं.

आणि काही वेळा तुलनेला चित्रच नसतं. भारतातल्या लहान पतंगांच्या कितीतरी जातींचं वर्णन इंग्लंडमधल्या मार्लबरोचे शिक्षक एडवर्ड मेरिक (१८५४-१९३८) यांनी केलं, बहुधा नुसत्या शब्दांत. मूळ नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. अशा गटात कोणी फोटोवरून ठामपणे जात सांगितली तर ‘कशावरून?’ असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पिकात पतंग दिसले आणि फवारणीचा निर्णय त्यावर अवलंबून असेल तर एक दिवसही फोटोंच्या देवाणघेवाणीत घालवू नका. तालुक्याचं कृषी कार्यालय, जवळचं कृषी विज्ञान केंद्र, किंवा राहुरी, अकोला, दापोली, परभणी इथल्या कृषी विद्यापीठांचा कीटकशास्त्र विभाग गाठा. अंदाजाने मारलेलं औषध पैसा तर घालवतंच, मित्रकीटकही मारतं. शेतीबाहेरच्या पतंगांसाठी पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे आणि मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) आहे.

नमुना द्यायची वेळ आली तर आधी परवानगी बघा. अभयारण्यातून, राष्ट्रीय उद्यानातून वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एकही पतंग उचलायचा नाही. आपल्या अंगणातला, शेतातला मेलेला पतंग असेल तर तो बटर पेपरच्या त्रिकोणी पाकिटात कोरडा ठेवा. पतंग स्पिरिटमध्ये बुडवू नका, खवले सुटतात. अळी मात्र स्पिरिटमध्येच टिकते. पाकिटावर पतंग आत घालण्याआधीच पेन्सिलीने लिहा: गाव, तालुका, तारीख, वेळ, दिव्याचा प्रकार किंवा झाडाचं नाव, पकडणाऱ्याचं नाव, आणि जिवंत असताना काढलेल्या फोटोंचे क्रमांक. फोटोंचे क्रमांक नक्की लिहा, कारण त्या नमुन्याची जात सूक्ष्मदर्शकाखाली ठरली की त्याच पतंगाचा तुमचा फोटो त्या जातीचा पक्का फोटो होतो, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच ढब, तीच चोच असलेला पतंग कोणाच्या भिंतीवर बसला तर तुलनेला एक चित्र तयार असतं.